पावसाळ्यात घाटात जाताना
ताम्हिणी किंवा वरंध घाटात निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघ. रेड अलर्ट म्हणजे साधारण 24 तासांत 204 मिमीच्या वर पाऊस; बेत सरळ रद्द कर, धबधबा कुठे पळून जात नाही. आधीच्या दोन-तीन दिवसांचा पाऊसही धर. दरड मुरलेल्या पाण्याने सुटते, कधीकधी पाऊस उघडल्यावरही. रस्त्यावर ताजी माती, बारीक खडे दिसले की डोंगराच्या कुशीला गाडी थांबवायची नाही, फोटोसाठी तर नाहीच.

ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरू नकोस. नितळ पाणी अचानक गढूळलं, काटक्या-पाचोळा वाहू लागला, की लगेच वर चढ. एकाएकी आटलं तर जास्त घाबर: वर दरडीने प्रवाह अडलेला असू शकतो, तो फुटतो. ओलांडण्याआधी सॅकचा कमरपट्टा सोड; पाय घसरला तर ती झटक्यात टाकता आली पाहिजे.