सरकारच दारू विकत असेल, तर ‘बेतानं प्या’ हे त्याच्या तोंडी शोभतं का, हा तुमचा पहिला प्रश्न.

तुमचा दुसरा प्रश्न असा की तामिळनाडूसारखी सरकारी दुकानं महाराष्ट्रात आली तर काही सुधारेल का. मी नाशिकला वाईन शॉपच्या काउंटरवर बसतो. माझं पोट याच धंद्यावर आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

दुकान सरकारी की खासगी, याने फारसं काही ठरत नाही. दुकानदाराची पाठ कशासाठी थोपटली जाते, त्यावर ठरतं. स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांवरची दारू घरी न्यायला विकत घ्यायची तर जवळपास फक्त सिस्टेमबोलागेट या सरकारी कंपनीच्या दुकानात मिळते. शनिवारी दुपारी तीनला शटर खाली, रविवारी बंद. दोनावर एक फुकट वगैरे भानगड नाही. वयाची अट 20 ची, पण गिऱ्हाईक पंचविशीच्या आतलं दिसलं तरी ओळखपत्र मागायचं. कॅनडातल्या ऑन्टारियोची सरकारी दुकानं 1927 पासूनची. तिथे अट 19 ची, तरी कार्ड पंचविशीच्या हिशेबानेच मागतात. ही युक्ती मला फार आवडते. काउंटरवरच्या पोराला अठरा की एकोणीस असा अंदाज बांधत बसावं लागत नाही आणि गिऱ्हाइकालाही राग येत नाही.

तामिळनाडूत टास्मॅक ही दारू विकणारी कंपनीही सरकारीच, 2003 पासून किरकोळ विक्री सगळी त्यांच्याकडे. पण तिथे दर दिवाळीला बातमी येते ती किती कोटींचा गल्ला झाला याची. दिल्लीने उलटं करून पाहिलं. 2021 च्या शेवटी दुकानं खासगी हातात दिली, काही महिन्यांत ‘एकावर एक फुकट’च्या पाट्या लागल्या आणि सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा सरकारी दुकानं उघडली.

आपल्याकडे दुकान खासगी, पण लायसन्स देणारं, छापा घालणारं आणि महसूल मोजणारं खातं एकच, राज्य उत्पादन शुल्क. कायदा अजूनही 1949 चा दारूबंदीचाच. त्यामुळे पिणाऱ्याकडे परवाना हवा, एक दिवसाचा पाच रुपयांत, आजन्म हजारात. तो आपणहून मागणारं गिऱ्हाईक विरळाच. वयाची अट वाईन-बिअरला 21 आणि कडक दारूला 25. संध्याकाळी आठच्या गर्दीत मागच्या चार जणांचे हात जाळीतून आत आलेले असतात, तेव्हा आधार कार्ड मागणाऱ्याला ‘ए, पटकन दे ना’ हेच ऐकावं लागतं. जो मागत नाही, त्याचा गल्ला जास्त. बाकी ओळखा.

‘मद्यपान आरोग्यास हानिकारक’ ही चौकट बाटलीवर असते, ती कोणी वाचत नाही. मला विचाराल तर तिथे पेगचा हिशेब छापायला हवा. 650 मिलीची स्ट्राँग बिअर, आठ टक्क्यांची, म्हणजे साधारण 41 ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये दहा ग्रॅम असतं. म्हणजे एक बाटली हे चार पेग झाले. पण हेल्मेट हातात घेऊन आलेला पोरगा सांगतो, ‘आज गाडी आहे, फक्त बिअर द्या.’ गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम एवढीच सूट आहे. ती त्या एका बाटलीत केव्हाच ओलांडली जाते, आणि पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे गणित मी तोंडी सांगतो. काही जण हसतात, काही जण माइल्ड घेतात.

नाशिकचं वेगळं दुखणं म्हणजे वाईन पर्यटन. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत लोक मुंबई-पुण्याहून स्वतःच्या गाडीने येतात. टेस्टिंगला घोट छोटे असतात, चव घेऊन थुंकायला भांडंही ठेवलेलं असतं. त्यात थुंकणारा पर्यटक मी तरी पाहिलेला नाही. नंतर जेवणाबरोबर बाटली येते. 750 मिली, तेरा टक्के, म्हणजे साडेसात पेग, आणि पिणारे बहुतेक वेळा दोघंच. संध्याकाळी तीच गाडी महामार्गाला लागते. सरकारला खरंच काही करायचं असेल तर टेस्टिंगच्या परवान्यालाच अट जोडावी : परतीच्या गाडीची किंवा ड्रायव्हरची सोय दाखवा, नाहीतर नूतनीकरण नाही. त्याला ‘बेतानं प्या’च्या होर्डिंगइतका खर्च येणार नाही. फक्त त्या दिवशी चार बाटल्या कमी खपतील, आणि तेवढा महसूल सोडायची तयारी मुंबईत कोणाची आहे, ते तुम्हीच बघा.