नियम कागदावर, मास्क हनुवटीवर

प्रश्न : आमच्या कार्यालयात कोविडमुळे मास्कची सक्ती आहे, पण कोणी हटकत नसल्याने बहुतेकांचा मास्क हनुवटीवर असतो. मी एकट्यानेच तो नीट लावून काय साधणार?

उत्तर : बरेच काही. हा विषाणू लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू शकतो, त्यामुळे समोरची व्यक्ती ठणठणीत दिसते म्हणून निर्धास्त राहता येत नाही. शिवाय बोलताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. नाकाशी घट्ट बसणारा एन-९५ मास्क, इतरांनी लावला नसला तरी, तुमचे बऱ्यापैकी रक्षण करतो. कापडी मास्क त्या मानाने फारच कमी. दारावर ताप मोजण्याचा सोपस्कार (तो बहुधा समाधानापुरताच असतो) चालू द्या. आग्रह धरायचाच तर खिडक्या उघड्या ठेवण्याचा धरा, कारण त्यासाठी कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही.