‘आणि कोरस’मधल्या चौघी

प्रश्न : अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनच्या जुन्या गाण्यांत मागे बायकांचे आवाज येतात, ते कोणाचे? त्यांनी स्वतःचं काही गायलं का? (एक वाचक, दादर)

उत्तर : हा प्रश्न कुणीतरी विचारला, याचंच मला अप्रूप वाटलं. मी मुंबईत पंचवीस वर्षं कोरस गायले. ताडदेव, महालक्ष्मी, वांद्रे, जिथे रेकॉर्डिंग तिथे सकाळी हजर. तबकडीवर आमचं नाव एकच : ‘आणि कोरस’.

अरेथाच्या मागे कधी तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा असत, तर कधी ‘द स्वीट इन्स्पिरेशन्स’. सिसी ह्यूस्टन, सिल्व्हिया शेमवेल, मर्ना स्मिथ आणि एस्टेल ब्राऊन या त्या चौघी. सिसी अमेरिकेतल्या न्यूअर्क शहराच्या चर्चमध्ये, घरच्यांबरोबर भक्तिगीतं गात वाढलेली. १९६७ साली गायक व्हॅन मॉरिसनच्या ‘ब्राऊन आइड गर्ल’मागे त्याच होत्या, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या मागेही त्याच. अ‍टलांटिक कंपनीने त्यांच्या स्वतःच्या तबकड्या काढल्या. १९६८ मध्ये त्यांचं ‘स्वीट इन्स्पिरेशन’ अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १८व्या क्रमांकापर्यंत गेलं. मला तो क्रमांक फार खालचा वाटतो.

कोरस म्हणजे सोपं काम, असं लोकांना वाटतं. आम्ही सहाजणी एका माइकभोवती उभ्या राहायचो. जिचा आवाज टोकदार, ती दोन पावलं मागे. ओळ ‘स’वर संपली की तो ‘स’ एकीनेच म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा. नाहीतर माइकमध्ये नुसती फुसफुस. स्वतःचा आवाज ऐकू आला, तर समजायचं आपण चुकतोय.

म्हणूनच अरेथाचं ‘एन्ट नो वे’ (१९६८) मी पुन्हा पुन्हा ऐकते. गाणं कॅरोलिनने लिहिलेलं. अरेथा जीव तोडून गाते आणि तिच्या वर, तार सप्तकात, सिसीचा आवाज जवळजवळ शब्दांशिवाय तरंगत राहतो. तरी तो अरेथाच्या ओळीवर कुठेही चढत नाही. एवढा संयम मला शेवटपर्यंत जमला नाही.

१९६९ साली एल्व्हिस प्रेस्लीने लास व्हेगासच्या कार्यक्रमांसाठी या चौघींना घेतलं. तो मंचावर येण्याआधी त्या आपली गाणी गात. त्याच सुमारास सिसीने मुलांसाठी गट सोडला. तिची मुलगी व्हिटनी (पुढे गाजलेली गायिका व्हिटनी ह्यूस्टन) तेव्हा सहा वर्षांची होती. बाकीच्या तिघी एल्व्हिस १९७७ मध्ये जाईपर्यंत त्याच्या मागे उभ्या होत्या.

‘एन्ट नो वे’ हेडफोन लावून ऐका. पहिल्यांदा अरेथासाठी, दुसऱ्यांदा फक्त सिसीसाठी.