वाचकांचे प्रश्न : चिऱ्याचे अंगण, शेवाळ आणि प्रेशर वॉशर

प्रश्न : चिपळूणजवळ आमचे जांभ्या चिऱ्याचे जुने घर आहे. पावसाळा सरला की अंगण, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आणि जोत्याच्या भिंती शेवाळाने हिरव्यागार झालेल्या असतात. गेल्या वर्षी आई पाखाडीवरून घसरून पडली, म्हणून यंदा प्रेशर वॉशर (जोरदार धारेने पाणी मारून धुण्याचे यंत्र) घ्यायचे ठरवले आहे. दुकानदार 100 बारपासून 200 बारपर्यंत दाबाची यंत्रे दाखवतो आणि जास्त बारचे घ्या, असे म्हणतो. काय करावे?

उत्तर : आईंना आता बरे वाटत असेल, अशी आशा करतो. तुमच्या कामासाठी 200 बारची मुळीच गरज नाही आणि चिऱ्याच्या घराला तो दाब घातकच आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेक वेळा कमाल दाबाचा असतो. प्रत्यक्ष काम करताना मिळणारा दाब त्याहून बराच कमी असतो आणि तो यंत्राला चिकटवलेल्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. त्याच पट्टीवर यंत्र मिनिटाला किती लिटर पाणी फेकते, हेही दिलेले असते, आणि माझ्या मते बारपेक्षा हा आकडा आधी पाहावा. दाबाने मळ सुटतो, पण सुटलेला मळ पुढे ढकलून नेण्याचे काम पाणीच करते. कमाल 110 ते 130 बार आणि मिनिटाला 6 ते 7 लिटर पाणी देणारे यंत्र घरच्या अंगणाला पुरेसे आहे.

दुसरा मुद्दा मोटरचा. स्वस्त आणि हलक्या यंत्रांत कार्बन ब्रशची मोटर असते. ती मोठा आवाज करते, लवकर तापते आणि तिला मधूनमधून विश्रांती द्यावी लागते. इंडक्शन मोटरचे यंत्र जड आणि महाग असते, पण त्याचा आवाज कमी असतो आणि ते सलग काम सोसते. वर्षातून दोन-तीन वेळा अंगण आणि अधूनमधून गाडी एवढेच काम असेल, तर ब्रशची मोटर चालेल. होम-स्टे किंवा मोठे खळे असेल, तर इंडक्शनला पर्याय नाही. पैसे देण्यापूर्वी कार्बन ब्रश, ओ-रिंग आणि गन हे सुटे भाग चिपळुणात किंवा निदान रत्नागिरीत मिळतात का, याची खात्री करून घ्या. पंचवीस रुपयांच्या रबरी रिंगसाठी यंत्र पावसाळाभर पडवीत पडून राहिल्याचे मी पाहिले आहे.

आता चिऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे झालेली चूक भरून निघत नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होत जातो; तरी तो सच्छिद्रच राहतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः आमच्या घराच्या जोत्यावर वीतभर अंतरावरून अरुंद धार मारली. शेवाळ क्षणात गेले, पण पाठोपाठ दोन चिऱ्यांमधल्या दर्जेतला जुना चुना भुरभुरत बाहेर आला आणि चिऱ्याच्या कडेला बोटभर खोल खाच पडली. पुढच्या पावसात त्याच ठिकाणाहून ओल आत आली. तेव्हापासून चिऱ्यावर मी फक्त 40 अंशांत पसरणारी धार वापरतो. धारेच्या टोकाला लावायच्या रंगीत नोझलांचा संच मिळाला, तर त्यात 40 अंशांचे नोझल पांढरे असते. लाल रंगाचे शून्य अंशाचे नोझल घरात काढूच नये. नोझल भिंतीपासून दीड फूट लांब ठेवावे, धार काटकोनात न मारता तिरकी मारावी आणि सुरुवात नजरेआड असलेल्या कोपऱ्यातून करावी. पाण्याबरोबर लाल भुकटी वाहू लागली, तर लगेच मागे सरावे.

पाखाडीवरचे जाड शेवाळ ओले असतानाच खराट्याने आणि खुरप्याने काढून मग यंत्र लावावे, म्हणजे वेळ आणि पाणी दोन्ही वाचतात. त्यानंतर पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकायची असेल, तर ती हाताने पसरावी. यंत्राच्या साबणाच्या टाकीत कधीही घालू नये, कारण आतले धातूचे आणि रबरी भाग तिने खराब होतात. तिच्याजवळ ॲसिड तर आणूच नये, त्यातून विषारी वायू निघतो. कौलांवर मात्र यंत्र चालवू नका. धार कौलांच्या खाली शिरते, कौले सरकतात, आणि ओल्या छपरावर उभे राहून मागे ढकलणारी गन हाताळणे धोक्याचे आहे.

प्रश्न : यंत्र नवे आहे, तरी धार एकदम जोरात येते आणि पुन्हा मंदावते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी जोडले आहे. पंप बिघडला असेल का?

उत्तर : पंपाला दोष देण्यापूर्वी नळाची परीक्षा घ्या. यंत्राचा पाइप काढून नळाखाली 10 लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. मिनिटाला साडेसहा लिटर ओढणाऱ्या यंत्रासाठी ती दीड मिनिटात भरणे हा अगदी काठावरचा हिशेब झाला. ती एका मिनिटात भरली, तर पाणी पुरेसे आहे. टाकीच्या पाण्याला दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे एकमजली घराच्या टाकीतून जेमतेम 0.3 ते 0.4 बार. त्यात अर्ध्या इंचाचा लांबलचक पाइप असेल, तर यंत्र उपाशी राहते आणि पाण्याऐवजी हवा ओढू लागते. पाइप आखूड आणि जाड घ्या.

नळ ठीक निघाला, तर पाणी आत घेण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून उजेडात धरा. टाकीच्या तळचा गाळ आणि हिरवे तंतू तिथे हमखास अडकलेले असतात. मग नोझलचे भोक पाहा. वाळूचा एक कण अडकला, तरी धार फाटते. यंत्र बंद करून, दाब सोडून, सुईने तो कण काढावा. शेवटी मोटर बंद ठेवून नळ सोडा आणि गनचा खटका दाबून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी वाहू द्या, म्हणजे आत कोंडलेली हवा निघून जाईल. खरे तर दर वेळी यंत्र सुरू करण्याआधी हे करायलाच हवे, कारण पंप कोरडा चालला, तर त्याची सीले (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) जळतात.

खटका सोडल्यावरही मोटर थोड्या-थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल, तर मात्र कुठेतरी गळती आहे. आधी जोडण्यांवरच्या ओ-रिंग बदलून पाहा; तरी थांबले नाही, तर कारागिराकडे न्या.

प्रश्न : गाडी धुताना रंग जाईल का?

उत्तर : मूळ रंग शाबूत असेल आणि 40 अंशांची धार फूट-दीड फुटावरून मारली, तर जाणार नाही. पोपडे आलेला किंवा गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला रंग, स्टिकरच्या कडा आणि टायरच्या बाजू यांच्यापासून दूर राहा. बॉनेट उघडून इंजिनावर धार मारू नका.

प्रश्न : अंगणात विजेचा बोर्ड नाही. घरातली साधी एक्स्टेन्शन वायर चालेल का?

उत्तर : नाही. 1,500 ते 2,000 वॅटचे यंत्र बारीक वायरवर चालवले, तर वायर तापते आणि मोटरला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. 2.5 चौरस मिलिमीटरची, अर्थिंगसह तीन तारांची वायर घ्या, ती गुंडाळीतून पूर्ण सोडवून वापरा आणि तिची जोडणी पाण्यापासून उंच, कोरड्या जागी ठेवा. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर यंत्र घेण्याआधी तो बसवून घ्या. पायांत बूट आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि मुलांच्या हाती गन देऊ नये. धार कातडीत घुसली, तर वरून फक्त टाचणीएवढे भोक दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही. तरी त्याच क्षणी रुग्णालयात जावे आणि जखम दाबाच्या पाण्याने झाली आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : काम संपल्यावर यंत्र कसे ठेवावे? आमचे पाणी बोअरचे आहे.

उत्तर : आधी मोटर बंद करावी, मग नळ, आणि त्यानंतर खटका दाबून पाइपात राहिलेला दाब सोडावा. साबण वापरला असेल, तर त्याआधी दोन मिनिटे नुसते पाणी फिरवावे. बोअरच्या पाण्यातले क्षार नोझलमध्ये आणि झडपांवर पांढरे साचतात, म्हणून शेवटचे हे पाणी शक्य असेल, तर साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्यावे. पाइप मोठ्या वेटोळ्यात टांगावा आणि महिन्यातून एकदा तरी पाणी जोडून यंत्र दोन मिनिटे चालवावे, म्हणजे सीले सुकून चिकटत नाहीत.