वाचकांचे प्रश्न : धनी एक, नाव दुसऱ्याचे

इंग्लंडमधील सोळाव्या-सतराव्या शतकांतील नाटके आणि कविता हस्तलिखितांच्या रूपाने आज ग्रंथालयांत कशा जपल्या आहेत, यावर मागील अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न ही हस्तलिखिते मुळात कोणाची होती याच मुद्द्याभोवती फिरत असल्याने, त्यांतील पाच प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : शेक्सपिअरकालीन नाटकांच्या एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत ‘एजर्टन १९९४’ असा उल्लेख वारंवार येतो. मी प्रथम ते प्रकाशनवर्ष समजले. नंतर कळले की तो ब्रिटिश लायब्ररीतील हस्तलिखिताचा क्रमांक आहे. मग एजर्टन हे त्याचे मालक होते का? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : नव्हते. फ्रान्सिस हेन्री एजर्टन, म्हणजे ब्रिजवॉटरचे आठवे अर्ल, १८२९ साली पॅरिसमध्ये वारले आणि हे बाड ब्रिटिश म्यूझियमने (ज्याचा ग्रंथसंग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे) विकत घेतले १८६५ साली. एजर्टन यांनी मृत्युपत्राने म्यूझियमला आपली काही हस्तलिखिते आणि त्यांच्या जोडीला १२,००० पौंडांचा निधी दिला होता. त्या निधीच्या उत्पन्नातून पुढे जे जे खरेदी झाले त्यावर त्यांचेच नाव पडत गेले. कुत्र्यांना कपडे-बूट चढवून जेवणाच्या टेबलाशी बसवणारा हा विक्षिप्त उमराव इंग्रजी नाटकाच्या इतिहासात कायमचा शिरला तो असा, व्याजाच्या पैशावर.

बाडाचा खरा धनी बहुधा विल्यम कार्टराइट हा सतराव्या शतकातील नट. त्याचा बापही नट होता, आणि त्या बाडात एकत्र बांधलेली पंधरा नाटके म्हणजे नटाच्या घरात साठत गेलेली धंद्याची सामग्री आहे. त्यात रिचर्ड दुसरा याच्या राजवटीवरचे, ‘टॉमस ऑफ वुडस्टॉक’ या नावाने ओळखले जाणारे नाटक आहे, ‘एडमंड आयर्नसाइड’ आहे, आणि टॉमस हेवूडच्या स्वतःच्या हातचे ‘द कॅप्टिव्ह्ज’ आहे. हेवूडचे अक्षर इतके गिचमिड की मोडी वाचणाऱ्याला मोडी सोपी वाटावी. काही नाटकांच्या समासात प्रयोगाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी खुणा केल्या आहेत, कोणती वस्तू केव्हा आणायची ते लिहिले आहे, मधूनच नटांची नावे टाकली आहेत. हे कागद वाचण्यासाठी ठेवलेले नव्हते, ते वापरात होते. कार्टराइट १६८६ साली वारला तेव्हा त्याने आपला संग्रह डलिच कॉलेजला ठेवला होता. हे बाड मात्र पुढे लॉर्ड चार्लमाँट यांच्या ग्रंथसंग्रहाच्या लिलावात वर आले आणि म्यूझियमने ते ३३ पौंडांना घेतले. नटाचे नाव मागे पडले आणि ज्याच्या निधीतून पैसे दिले गेले त्याचे नाव पुठ्ठ्यावर चढले.

याच निधीतून आलेले दुसरे एक बाड, एजर्टन २७११, मला व्यक्तिशः अधिक बोलके वाटते. आठव्या हेन्रीच्या दरबारातील कवी सर टॉमस वायट याची ती स्वतःची वही आहे. काही कविता त्याच्या हातच्या आहेत, काही लेखनिकाच्या, आणि लेखनिकाच्या मजकुरावर कवीने केलेल्या दुरुस्त्या स्पष्ट दिसतात. ती वही पुढे हॅरिंग्टन घराण्यात गेली. पहिल्या पिढ्यांनी ती जपली, वाचली. सतराव्या शतकातील वारसांना मात्र तीत प्रामुख्याने कोरा कागद दिसला. त्यांनी मोकळ्या जागांत, आणि काही ठिकाणी थेट कवितांच्या ओळींवरून, गणिते मांडली आणि बायबलवरची टिपणे काढली. आपल्याकडे जुन्या पोथीच्या पाठीवर धान्याचा हिशेब सापडावा, त्यातलाच हा प्रकार. तरीही वही टिकली ती त्यांच्याच घरात, हे विसरून चालणार नाही.

सर्वच नावे अशी फसवी नसतात. रॉबर्ट कॉटन (१५७१–१६३१) यांनी आपला संग्रह खरोखरच स्वतः जमवला होता. त्यांच्या कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते, म्हणून ‘कॉटन व्हिटेलियस ए. १५’ याचा अर्थ व्हिटेलियसच्या पुतळ्याखालचे कपाट, वरची पहिली फळी, पंधरावा ग्रंथ. त्या बाडात ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतील महाकाव्य आहे. १७३१ सालच्या आगीत त्याच्या कडा करपल्या. कपाटे आणि पुतळे कधीच गेले, पण क्रमांक तेच राहिले.

प्रश्न : एका स्वयंपाकिणीने पन्नासेक नाटके जाळली ही गोष्ट खरी की दंतकथा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : गोष्टीचा उगम तरी कागदावर आहे. जॉन वॉर्बर्टन (१६८२–१७५९) हे पदाने सॉमरसेट हेरल्ड, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी आणि मानचिन्हे पाहणारे राजसेवक होते. त्यांनी पन्नासाहून अधिक नाटकांची एक यादी करून खाली लिहून ठेवले की, अनेक वर्षे जमवलेली ही हस्तलिखिते आपल्या निष्काळजीपणामुळे आणि ज्या नोकराच्या हवाली केली त्याच्या अज्ञानामुळे दुर्दैवाने जळाली किंवा भट्टीत भाजायच्या ‘पाय’ या पदार्थाच्या तळाशी घातली गेली. वाचली ती फक्त तीन. मूळ टिपणात त्या नोकराचे नाव नाही. ‘बेट्सी बेकर’ हे नाव नंतरच्या सांगणाऱ्यांनी रूढ केले, आणि नाव मिळाल्यावर गोष्टीला पायही फुटले.

हस्तलिखितांचे थोर अभ्यासक डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९११ साली या यादीची उलटतपासणी केली. यादीतील अनेक शीर्षके हम्फ्री मोझ्ली या प्रकाशकाने लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या अधिकृत नोंदवहीत सतराव्या शतकाच्या मध्यास केलेल्या नोंदींशी जुळतात, हे त्यांनी दाखवले. म्हणजे यादीतील सगळी नाटके वॉर्बर्टन यांच्या हाती होती असे नव्हे. काही नावे त्यांनी शोधायच्या ग्रंथांची म्हणून उतरवून घेतली असावीत आणि पुढे स्वतःच्याच यादीचा त्यांना विसर पडला असावा. नंतरच्या काही अभ्यासकांना हा युक्तिवाद पटलेला नाही. मला ग्रेग यांचे बरेचसे पटते, कारण आपण काय गमावले हे सांगताना संग्राहकाचा हात नेहमीच सैल सुटतो.

वाचलेले कागद आज ‘लॅन्सडाउन ८०७’ या क्रमांकाखाली आहेत, कारण वॉर्बर्टन यांच्यानंतर ते पुढे लॅन्सडाउनचे मार्क्विस झालेल्या विल्यम पेटी यांच्याकडे गेले आणि त्यांचा संग्रह पार्लमेंटने १८०७ साली ४,९२५ पौंडांना घेतला. त्यात ‘द सेकंड मेडन्स ट्रॅजेडी’ या नावाने ओळखले जाणारे एक नाटक आहे. नाटकांना परवानगी देणारे अधिकारी जॉर्ज बक यांची ३१ ऑक्टोबर १६११ ही तारीख घातलेली परवानगी त्याच्या शेवटी आहे. त्याच पानावर नंतरच्या हातांनी लेखकाचे नाव सुचवले आहे : प्रथम टॉमस गॉफ, ते खोडून जॉर्ज चॅपमन, तेही खोडून विल शेक्सपिअर. आजचे बहुतेक अभ्यासक हे नाटक टॉमस मिडलटनचे मानतात. ते नाव त्या तीनही अंदाजांत नाही.

प्रश्न : जॉन डनच्या कविता त्याच्या हयातीत बहुतांशी छापल्याच गेल्या नव्हत्या असे वाचले. मग त्याच्या हातची मूळ वही कोणत्या ग्रंथालयात आहे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : अशी वही कोणत्याच ग्रंथालयात नाही. डन (१५७२–१६३१) याच्या कवितांचा संग्रह छापून निघाला तो मृत्यूनंतर, १६३३ साली. तोवर त्या कविता मित्रांच्या, मित्रांच्या मित्रांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि उमरावांच्या वह्यांतून नकलून फिरत होत्या. अशा सुट्या नकला आज ४,००० हून अधिक नोंदलेल्या आहेत. कवीच्या स्वतःच्या हातची इंग्रजी कविता मात्र एकच उरली आहे : दोन उमराव स्त्रियांना उद्देशून लिहिलेले एक पद्यपत्र, जे १९७० साली एका सरदार घराण्याच्या कागदपत्रांत सापडले आणि आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. ते टिकले तेही कविता म्हणून नव्हे, आलेले पत्र म्हणून.

खुद्द कवीपाशीही आपल्या कविता नव्हत्या. १६१४ च्या डिसेंबरात, धर्मसेवेत शिरण्यापूर्वी एकदा कविता छापाव्यात असा विचार मनात आला तेव्हा त्याने हेन्री गुडयर या मित्राला पत्र लिहून ‘ते जुने पुस्तक’ उसने मागितले. कविता करायला पडले नव्हते एवढे कष्ट आता त्या शोधायला पडत आहेत, अशी तक्रारही केली. तो बेत तडीस गेला नाही. अर्थात त्यामुळे डनच्या पाठभेदांचा प्रश्न कवीने काय लिहिले एवढ्यावर थांबत नाही. नकल कोणाच्या वहीतून उतरली, त्या वहीच्या धन्याचा डनच्या वर्तुळाशी काय संबंध होता, हे संपादकाला आधी ठरवावे लागते.

आपण विचारलेले नाही, तरी याला जोडून एक सांगावेसे वाटते. अशा वह्यांचे धनी केवळ पुरुषच असत ही समजूत चुकीची आहे. ब्रिटिश लायब्ररीत ‘डेव्हनशर हस्तलिखित’ म्हणून प्रसिद्ध असलेली, १५३० च्या दशकातील एक वही आहे. आठव्या हेन्रीची भाची मार्गरेट डग्लस, मेरी शेल्टन आणि मेरी हॉवर्ड या तरुण स्त्रियांनी ती आपसांत फिरवली, तीत वायटच्या आणि इतरांच्या कविता उतरवल्या. त्यांतील एका प्रेमकवितेच्या कडव्यांची आद्याक्षरे जुळवली की ‘शेल्टन’ हे आडनाव होते. त्या कवितेपाशी समासात एका हाताने लिहिले आहे, ‘हे विसर’. त्यावर दुसऱ्या हाताचा जबाब आहे, ‘हिची योग्यता आहे.’ पहिला हात मार्गरेटचा आणि दुसरा खुद्द मेरी शेल्टनचा मानला जातो. मार्गरेटने टॉमस हॉवर्डशी राजाच्या संमतीवाचून गुपचूप लग्न ठरवले म्हणून १५३६ साली दोघांनाही लंडनच्या टॉवर या किल्ल्यात डांबण्यात आले. हॉवर्ड पुढच्या वर्षी तेथेच वारला. त्या दोघांच्या ताटातुटीची पद्येही याच वहीत आहेत.

प्रश्न : शेक्सपिअरच्या हातचे एखादे पान तरी आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : निर्विवाद म्हणाल तर सह्या सहा, त्याही कायद्याच्या कागदांवर : १६१२ सालची एक साक्ष, १६१३ सालची घरखरेदीची दोन कागदपत्रे, आणि १६१६ सालच्या मृत्युपत्राची तीन पाने. बहुतेक अभ्यासकांना मान्य असलेली आणखी तीन पाने ‘हार्ली ७३६८’ मध्ये आहेत. हे आठव्या हेन्रीचे मंत्री सर टॉमस मोर यांच्यावरचे, अनेकांनी मिळून लिहिलेले आणि नंतर डागडुजी केलेले नाटक. परकीयांविरुद्ध उठलेल्या लंडनच्या जमावाला मोर शांत करतो तो प्रसंग ज्या हाताने लिहिला, त्याला अभ्यासक ‘हात डी’ म्हणतात. दंग्याचा भाग सगळाच गाळावा, असा एडमंड टिल्नी या तपासनिसाचा हुकूम त्याच हस्तलिखितात आहे.

मालकीपुरते बोलायचे तर, १७२८ साली हे हस्तलिखित जॉन मरे नावाच्या लंडनच्या संग्राहकाकडे होते आणि तेथून ते एडवर्ड हार्ली यांच्याकडे गेले. हार्ली घराण्याचा सारा संग्रह १७५३ साली राष्ट्राने १०,००० पौंडांना घेतला. त्यानंतरच्या शतकात म्यूझियमने ही पाने टिकावीत म्हणून त्यांवर पारदर्शक कागद चिकटवला, आणि त्याने शाई अधिकच दिसेनाशी झाली. तेव्हा दर वेळी दोष स्वयंपाकघरालाच देऊ नये.

प्रश्न : आता नवे काही सापडण्याची शक्यता उरली आहे का? (एक वाचक, लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : सापडतच आहे. टॉमस ट्रॅहर्न हा १६७४ साली वारलेला कवी जगाला ठाऊक झाला तोच मुळी १८९६–९७ च्या हिवाळ्यात लंडनच्या रस्त्यावरच्या पुस्तकगाड्यांवर त्याची दोन हस्तलिखिते अल्प किमतीत मिळाल्यावर. प्रथम ती हेन्री व्हॉन या दुसऱ्या कवीची मानली गेली, आणि खरा कवी ओळखला तो बरट्रम डोबेल या पुस्तकविक्रेत्याने. त्याच कवीचे आणखी एक जाडजूड हस्तलिखित १९६७ च्या सुमारास लँकशरमधील कचऱ्याच्या जळत्या ढिगातून एकाने बाहेर ओढले. ते आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. हेस्टर पल्टर या कवयित्रीची वही लीड्स विद्यापीठाच्या संग्रहातच होती, पण तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले १९९६ साली.

आपण इंग्लंडमध्येच राहता, तेव्हा एक व्यावहारिक सूचना. पीटर बील यांनी तयार केलेली, १४५० ते १७०० या काळातील इंग्रजी साहित्यिक हस्तलिखितांची सूची महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तीत दोनशेहून अधिक लेखकांच्या हस्तलिखितांची नोंद मालकांच्या परंपरेसह मिळते. तेथून सुरुवात करावी, पण तेथेच थांबू नये. २०२५ साली ऑक्सफर्डच्या एका संशोधिकेने एलायस अ‍ॅशमोल (१६१७–१६९२) यांच्या संग्रहातील एका बाडात शेक्सपिअरच्या ११६ व्या सुनीताची, गाण्यासाठी ओळी बदललेली आणि वाढवलेली एक नकल ओळखली. बाड तिच्याच विद्यापीठात होते आणि त्याची छापील सूची एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध होती. त्या सूचीत या कवितेचे वर्णन केवळ ‘प्रेमातील निष्ठेविषयी’ असे केले होते, आणि शेक्सपिअरचे नाव तेथे नव्हते.