जुन्या टू-स्ट्रोक बोट-इंजिनाचं मिसिंग : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : खिंडसी तलावावर आमची लहान बोट आहे. मागे १५ अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन आहे. चार महिने बंद होतं. आता फुल रेसवर ठीक पळतं, पण स्लोवर धडधडतं आणि गिअर टाकला की बंद पडतं. मेकॅनिकने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून दिला. दोन दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. — एक वाचक, रामटेक

उत्तर : स्लोवर पेट्रोल येतं ते पायलट जेटच्या केसाएवढ्या छिद्रातून. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं की ते उडून जातं आणि मागे तेलाचा चिकट थर उरतो. तो आधी हेच छिद्र बुजवतो. मेन जेटचं छिद्र मोठं, म्हणून रेसवर तक्रार नाही. स्क्रू फिरवल्याने दोष झाकला जातो, जात नाही. आणि झाकून चालवणं धोक्याचं आहे. या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी, मग पिस्टन तापून घासतो आणि इंजिन जाम होतं.

तरी कार्बोरेटर उघडण्याआधी दोन्ही सिलिंडर काम करताहेत का ते पाहा. इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उभं करा, पंखा काढून ठेवा, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर असू द्या. कोरडं मुळीच सुरू करू नका, इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणारा आतला रबरी इम्पेलर पाहता पाहता जळतो. आता इंजिन बंद असताना एका प्लगची कॅप काढून जादा प्लगला लावा आणि त्या प्लगची धातूची बाजू ब्लॉकला घट्ट टेकवून बांधा. वायर मोकळी लोंबकळत ठेवली तर सीडीआय, म्हणजे ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक भाग, जळू शकतो. इंजिन सुरू करा, मग दुसऱ्या सिलिंडरवर हेच करा. ज्याची कॅप काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला आहे.

त्याचा प्लग काढून नीट बघा. चॉकलेटी रंग म्हणजे ठीक. काळा आणि ओला असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त. दोन्ही प्लग आपसात बदला, दोष प्लगबरोबर गेला तर नवा प्लग घाला. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी. एक प्लग धुतल्यासारखा लख्ख आणि दुसरा चॉकलेटी, असं दिसलं तर हेड गॅस्केटमधून पाणी आत येतंय. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू करू नका.

दोन्ही सिलिंडर जिवंत असतील तर कार्बोरेटर उतरवा. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेच्या दाबाने फुंका. तार घालू नका, पितळेचं छिद्र मोठं होतं. अडलंच तर बारीक तंगूस घाला, नायलॉन पितळेला ओरखडत नाही. कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बघा, टोकावर गोल खाच पडली असेल तर बदला. जोडताना पायलट स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत आणि मग दीड वळसा बाहेर, ही सुरुवात. नेमका आकडा पुस्तिकेतला. इंजिन गरम झाल्यावर एका वेळी एक अष्टमांश वळसा फिरवून जिथे आवाज सर्वात स्थिर बसेल तिथे थांबा.

इतकं करूनही स्लोवर रेस आपोआप चढत-उतरत राहिली, तर कार्बोरेटरच्या पॅकिंगमधून किंवा क्रँकच्या ऑइलसीलमधून इंजिन हवा घेतंय. कार्बोरेटरच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर पांढरा कागद धरा. त्यावर तेलकट शिंतोडे उडाले, तर रीड व्हॉल्व्हची (हवा-पेट्रोल आत सोडून परत येऊ न देणाऱ्या झडपेची) पाती तुटली आहे किंवा नीट बसत नाही.

कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाबही, प्लगच्या जागी गेज लावून मोजून घ्या. इंजिन गरम, दोन्ही प्लग बाहेर, वायरी ब्लॉकला जोडलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. दोरी चार-पाच वेळा ओढा. एकाला ११० आणि दुसऱ्याला १०५ पीएसआय आलं तर चिंता नाही. ११० आणि ८० आलं तर रिंग किंवा गॅस्केट गेलं, तिथे कार्बोरेटर साफ करून काही उपयोग नाही.

प्रश्न : गोसीखुर्दच्या पाण्यात मे महिन्यात दुपारी वीस मिनिटं छान चालतं, मग मिसिंग मारतं. नळीतला रबरी फुगा दाबला की पुन्हा उचलतं. — एक वाचक, पवनी

उत्तर : फुगा दाबून उचलतं, म्हणजे ठिणगी ठीक आहे आणि इंजिन पेट्रोलला भुकेलं आहे. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद असेल तर आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खेचलं जात नाही. मग नळीच्या टोकाच्या कनेक्टरचे ओ-रिंग आणि फिल्टर. तेही ठीक असेल तर फ्युएल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा. उजेडासमोर धरून पाहा, ताठ झालेला किंवा भोक पडलेला असेल तर पूर्ण किट बदला. जुन्या इंजिनांचं रबर आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेलं नाही, ते लवकर फुगतं आणि तडकतं. विदर्भाच्या मे महिन्यात टाकी उन्हात ठेवली की नळीत वाफ होते ती वेगळीच. टाकीवर ओलं गोणपाट टाका, नळी तापलेल्या पत्र्याला टेकू देऊ नका.

प्रश्न : तेल किती घालायचं? स्कूटरचं टू-टी चालेल का?

उत्तर : बहुतेक इंजिनांना ५०:१, म्हणजे एका लिटरला २० मिलि, पाच लिटरला १०० मिलि. फार जुन्यांना २५:१ लागतं, तिथे लिटरला ४० मिलि, इंजिनावरच्या पाटीवर वाचा. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलं तेलच घ्या. स्कूटरचं तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्याची राख बोटीच्या इंजिनात रिंगांजवळ साचते. मिसळलेलं पेट्रोल पावसाळ्यात महिनाभराहून अधिक ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. शेवटच्या फेरीत किनाऱ्याला लागताना पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन पाण्यातच चालू ठेवून आपोआप बंद पडू द्या. कार्बोरेटर रिकामा राहील, जेट बुजणार नाही.