पाणथळ जागेवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं नेमकं काय मोजत असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘पाणथळ जागा सुधारायची तर पाणी सोडा, झाडं लावा, झालं. त्यासाठी शास्त्रज्ञ वीस-वीस वर्षं चिखलात काय करत बसतात?’ प्रश्नातला खोचकपणा आवडला. या कामात शिरलो तेव्हा माझ्याही मनात हेच होतं. पाणथळ जागांच्या परिसंस्थेवर काम करणाऱ्या एका संशोधकाच्या हाताखाली मी काही वर्षं नमुने गोळा करायचो. मला वाटलं होतं, दुर्बीण गळ्यात अडकवून पक्षी मोजायचे असतील. पहिले दोन महिने आम्ही फक्त पाइप पुरले.

त्या पाइपाबद्दलच आधी सांगतो. साधा पांढरा पीव्हीसीचा पाइप. त्याला गंजाचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा लेप द्यायचा आणि तो चिखलात उभा खुपसून साधारण महिनाभर ठेवायचा. बाहेर काढला की कुठे रंग जसाच्या तसा असतो, तर कुठे पार उडून खालचा पांढरा पाइप दिसत असतो. कारण असं की पाण्याखाली गेलेल्या मातीतला प्राणवायू लवकरच संपतो, पण मातीतले जिवाणू काही श्वास घ्यायचे थांबत नाहीत. प्राणवायूची जागा ते दुसऱ्या कशाने तरी भागवतात: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. हेही संपलं की मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी. लोहाची पाळी येते तेव्हा गंज विरघळतो आणि पाइपवरचा रंग जातो. रंग किती आणि किती खोलवर उडाला यावरून कळतं, की ही जमीन खरोखर पाणथळ झालीय की नुसती भिजलीय.

पाणथळ जागेचे जे गुण आपण सतत ऐकतो ते याच उतरंडीतून येतात. पाणी शुद्ध होतं, कारण जिवाणू शेतातून आलेलं नायट्रेट वापरून टाकतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. कार्बन साठतो, कारण प्राणवायूविना पालापाचोळा कुजायला फार वेळ लागतो. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर साचलेल्या, दलदली जगातल्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के भागावर आहेत, पण त्यांच्या पोटात सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून असतो त्याहून जास्त कार्बन आहे. सल्फेटच्या पायरीवर सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास नाकात बसला की घरी जाऊनही दोन दिवस जात नाही, हा आपला माझा अनुभव.

आता झाडं लावण्याबद्दल. इथे मला अमेरिकेतल्या पाणथळ जागांच्या अभ्यासक जॉय झेडलर यांचं काम सांगायलाच हवं. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या उपसागराकाठी महामार्गाच्या कामात खाऱ्या दलदलीचा काही भाग जाणार होता. त्याची भरपाई म्हणून १९८०च्या दशकात शेजारीच नवी दलदल तयार केली गेली. उद्देश ठरलेला होता. तिथे रेल कुळातला एक दुर्मीळ पाणपक्षी राहतो, त्याने या नव्या दलदलीत घरटं करायचं. हा पक्षी कॉर्डग्रास नावाच्या उंच खाऱ्या गवतात घरटं विणतो. भरतीला घरटं पाण्याबरोबर वर उचललं जातं आणि भोवतालच्या काड्या त्याला धरून ठेवतात. गवत आखूड असेल तर घरटं वाहून जाणार.

गवत लावलं, ते जगलंही. लांबून पाहिलं तर सगळं हिरवंगार. पण ते उंच होईना. झेडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माती तपासली तेव्हा ती उपसलेल्या गाळाची, रेताड निघाली. जुन्या दलदलीतल्या बारीक चिकण मातीसारखा नायट्रोजन तिच्यात टिकत नव्हता. मग युरिया घालून पाहिला. गवत वाढलं, युरिया थांबला की पुन्हा खुजं. त्यात खवलेकीड पडली आणि तिला खाणारे भुंगेरे तिथे पुरेसे नव्हते. १९९९ साली झेडलर आणि जॉन कॅलवे यांनी बऱ्याच वर्षांची मोजमापं एकत्र मांडली. ही जागा ठरलेल्या वाटेने हळूहळू मूळ दलदलीसारखी होत जाईल हा हिशोब आकड्यांत दिसत नव्हता, आणि ते त्यांनी स्पष्ट लिहिलं. दोन वर्षांत काम गुंडाळलं असतं, तर ‘लागवड यशस्वी’ असा शेरा पडून फाइल बंद झाली असती. तुमच्या ‘वीस वर्षं काय करतात’ला माझं पहिलं उत्तर हे आहे.

म्हणूनच या क्षेत्रात एकट्या सुधारलेल्या जागेकडे पाहून कुणी काही बोलत नाही. शेजारची, शक्यतो न बिघडलेली एक जागा संदर्भ म्हणून घेतात आणि दोन्हीकडे तीच मोजणी त्याच ऋतूत करतात. पाण्याची पातळी, क्षार, मातीतलं सेंद्रिय द्रव्य, रोपांची उंची, चिखलातले किडे. आमच्याकडे एकदा वही भिजली आणि संदर्भ जागेची एका हंगामाची नोंद गेली. चूक माझीच. सुधारलेल्या जागेचे आकडे शाबूत होते, तरी त्या वर्षाबद्दल आम्हाला अवाक्षर लिहिता आलं नाही.

कांदळवनांची गोष्टही याच चालीची आहे, फक्त जास्त महागाची. फिलिपिन्समध्ये वर्षानुवर्षं रोपं लावली गेली ती बहुतेक ऱ्हायझोफोरा या कांदळाच्या प्रकाराची, कारण त्याची शेंगेसारखी रोपं हाताने नुसती खोचली की झालं. ती खोचली बऱ्याचदा किनाऱ्यापासून पुढे, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात, जिथे कांदळवन मुळात नव्हतंच. तिथल्या संशोधक युर्गेन प्रिमावेरा यांनी २००८मध्ये आढावा घेतला तेव्हा रोपं जगण्याचं प्रमाण साधारण १० ते २० टक्के निघालं. उलट फ्लोरिडातले कांदळवनांचे अभ्यासक रॉबिन लुईस आयुष्यभर सांगत राहिले, की आधी भरतीचं पाणी कुठे अडलंय ते शोधा आणि तेवढं मोकळं करा. बीज पाण्याबरोबर आपसूक येतं. रोपं शेवटी, आणि तीही गरज पडलीच तर. खरं सांगायचं तर रोपं लावण्याचे फोटो चांगले येतात, चर खोदण्याचे येत नाहीत, म्हणून हे मत मागे पडतं.

पाण्याची वाट मोकळी केल्यावर काय होऊ शकतं याचं आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे ओडिशातलं चिलिका सरोवर. गाळाने समुद्राकडची वाट बुजत गेली, पाण्याचा खारेपणा घटला, गोड्या पाण्यातलं तण माजलं, मासळी घटली. १९८१मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं हे सरोवर १९९३मध्ये धोक्यातल्या जागांच्या नोंदीत गेलं. मग अभ्यास झाले. त्यात खडकवासल्याच्या जल व विद्युत संशोधन केंद्राचाही वाटा होता. सप्टेंबर २०००मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडलं. खारेपणा परतला, मासळी वाढली, आणि २००२मध्ये सरोवर त्या धोक्याच्या नोंदीतून बाहेर आलं.

पण दरवेळी ‘माणसाने हात काढून घ्यावा’ हेही उत्तर नसतं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२मध्ये गुरं चारायला बंदी घातली. हेतू चांगलाच होता. झालं असं की म्हशी खात होत्या ते पास्पॅलम जातीचं गवत मोकाट सुटलं आणि उथळ पाणी झाकून बसलं. पाणपक्ष्यांना उघडं पाणी उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दीर्घ अभ्यास त्या काळात तिथे चालू होता, म्हणून बंदीच्या आधीची आणि नंतरची तुलना हातात आली. म्हैस हीसुद्धा त्या दलदलीचा भाग होती, हे बंदी घालताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग ‘पूर्ववत होते का?’ याचं आकड्यांत उत्तर हवं असेल तर २०१२चा एक अभ्यास आहे. डेव्हिड मोरेनो-मातेओस आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ६२१ पाणथळ जागांची आकडेवारी एकत्र केली. काही जागा सुधारून शंभर वर्षं झाली होती, तरी सरासरीने जीवसृष्टीची घडण संदर्भ जागांपेक्षा २६ टक्के, तर कार्बन-नायट्रोजनसारखी मातीतली देवघेव २३ टक्के कमी भरली. मोठ्या, म्हणजे १०० हेक्टरहून मोठ्या जागा आणि उष्ण हवामानातल्या जागा लवकर सावरल्या. सरासरी ही सरासरीच, चिलिकासारखे अपवाद असणार. तरीही ‘इथली दलदल बुजवतो, तिकडे दुसरी करून देतो’ असं कुणी म्हटलं की मला हे दोन आकडे आठवतात.

एक गोष्ट मात्र मनाला उभारी देणारी आहे. चिखलात बी फार काळ तग धरतं. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळातून काढलेलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं कमळाचं बी प्रयोगशाळेत रुजलं होतं. सगळी बियाणी इतकी चिवट नसतात, पण नांगराखाली गेलेल्या दलदलीत पाणी परत आलं की लव्हाळे आणि मोथे कुणी न लावता उगवताना मी स्वतः पाहिलेत.

तुमच्या जवळपास अशी सुधारलेली जागा असेल तर रोपं मोजू नका. टाचेने थोडी माती उकरा. करड्या मातीत गंजाचे ठिपके दिसले, वास आला आणि खड्ड्यात पाणी झिरपायला लागलं, तर खाली काम सुरू झालंय असं समजा. आणि बूट गुडघ्यापर्यंतचे घाला, माझा एक अजून तिकडेच आहे.